पुढच्या पिढीची वाट

मल्लिनाथ उंबरजे सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यात टॉवेलांची नक्षी काढायचा. मोर, कोयऱ्या, हॉटेलांची नावं संगणकावर रेखायची, विणीत बसतील अशी चौकटीत मांडायची आणि मागाकडे पाठवायची, हे त्याचं वीस वर्षांचं काम. पण एमआयडीसीतल्या लोकांना तो वेगळ्याच कारणासाठी माहीत होता. कुणाला नवा लॅपटॉप घ्यायचा असला की तो आधी मल्लिनाथला गाठायचा. कुठली चिप कधी बाजारात येणार, आजच्या मॉडेलात काय कच्चं राहिलंय, पुढच्यात काय सुधारणार, हे सगळं त्याला तोंडपाठ असे. सल्ला मात्र बहुतेक वेळा एकच.

"थांबा की ओ. चार महिने कळ काढा. आत्ता घ्याल आणि दिवाळीत हळहळाल."

लोक थांबत, आणि दिवाळीत त्याला मिठाई आणून देत. आपण सांगतो ते खरं ठरतं, याची त्याला सवय होऊन गेली होती.

घरी बायको अंबिका आणि मुलगी शर्वाणी. शर्वाणीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कानाकडून मेंदूकडे जाणारी नसच तयार झाली नव्हती, त्यामुळे शस्त्रक्रिया करून आत यंत्र बसवण्यातही अर्थ नव्हता. ती दीड वर्षाची असताना पुण्याच्या डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगितलं. मल्लिनाथ फाईल घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला. शेजारी अंबिकाने मात्र तेवढ्यात पोरीचा हात हातात घेतला, तिची दोन बोटं स्वतःच्या गालाला लावली, मग स्वतःकडे बोट दाखवलं. दोन बोटं गालाला, म्हणजे आई. दहा मिनिटांत पोरीने ते स्वतःहून करून दाखवलं.

तिथून पुढे त्या दोघींची एक भाषाच तयार झाली. तळहातावर मूठ आपटली की शेंगाची चटणी. नाकपुडी चिमटीत धरून फिरवली की चमकीवाली आत्या. शर्वाणी चार वर्षांची झाल्यावर कर्णबधिर मुलांच्या शाळेत जाऊ लागली आणि तिथली रीतसर सांकेतिक भाषा शिकली. अंबिकाही तिच्या मागोमाग शिकली. तरी घरातलं बोलणं शाळेच्या खुणा आणि घरच्या खुणा यांच्या मिसळीतूनच चाले, आणि ती मिसळ फक्त त्या दोघींना कळे.

मल्लिनाथने शिकायचा प्रयत्न केलाच नाही असं नाही. शाळेत पालकांसाठी दर शनिवारी वर्ग भरायचा. दोन शनिवार तो गेला. दुसऱ्या वर्गानंतर दोन दिवसांनी त्याने जेवताना शर्वाणीला मोठ्या हौसेने 'पाणी दे' अशी खूण केली. अंगठा कुठेतरी चुकला असावा. शर्वाणी आणि अंबिका एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या, की शर्वाणीला ठसका लागला. आपण नेमकं काय बोललो, हे त्याने विचारलं नाही. ते हसू मायेचंच होतं. पण त्याचे हात त्या दिवशी मांडीवर गेले ते तिथेच राहिले. त्यानंतर बापलेकीमध्ये जे काही होई, ते अंबिकाच्या तोंडून आणि अंबिकाच्या हातांतून.

शर्वाणी दहा वर्षांची असताना बाजारात पहिले दुभाषी लॅपटॉप आले. समोर बसून खुणा करायच्या, पडद्यावर मराठी वाक्य उमटणार. मल्लिनाथने ते वाचलं आणि त्याला रात्रभर झोप आली नाही. पण बारकाईने पाहिल्यावर त्याने नाक मुरडलं. ते यंत्र फक्त बोटांचे आकार वाचत होतं. दोन वर्षांनी दुसरी पिढी आली. ती चेहराही वाचायची.

शाळेतल्या बागवान मॅडमनी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. नसरीन बागवान स्वतः कर्णबधिर आईबापांच्या पोटी वाढलेल्या. बोलतानाही त्यांचे हात गप्प नसत.

"उंबरजे, खूण म्हणजे नुसती बोटं नसतात," त्या म्हणाल्या. "हात कुठे आहे, कुणीकडे वळलाय, भुवया वर आहेत की आवळलेल्या, सगळं एकाच वेळी बघायचं असतं. भुवई उचलली की त्याच वाक्याचा प्रश्न होतो. ओठ दाबला की शंका. हे आताचं मॉडेल त्यातलं पुष्कळ पकडतं. घेऊन टाका."

"पण घरच्या खुणा त्याला कळत नाहीत, मॅडम. आमच्या घरात निम्मं बोलणं त्यातच चालतं. तिसरी पिढी येतेय पाडव्याला. ती शिकून घेते."

तो खोटं सांगत नव्हता. तिसऱ्या पिढीबद्दल त्याने मिळेल ते सगळं वाचलं होतं. साधा कॅमेरा सेकंदाला तीसेक चित्रं काढतो, आणि झरकन फिरलेलं बोट दोन चित्रांच्या मधल्या फटीत हरवतं. नवा कॅमेरा चित्रं काढतच नव्हता. त्याचा प्रत्येक ठिपका आपल्यापुढे काही हललं तरच तसं कळवायचा, सेकंदाला हजारदा. त्यामुळे पापणीची फडफडही निसटत नसे. शिवाय आत जी चिप होती, तिच्यात आठवण आणि आकडेमोड एकाच जागी होत होती. माहितीची इकडून तिकडे ने-आण नाही, म्हणून ती तापत नसे आणि घरात बसल्याबसल्या स्वतःच शिकू शके. घरातलं बोलणं घराबाहेर कुठेही जाणार नव्हतं.

शिकण्याची तऱ्हाही साधी होती. दोन माणसं नेहमीसारखी बोलत असताना ते नुसतं बघत राही. एकीने मूठ आपटली आणि दुसरीने चटणीचा डबा पुढे केला, असं पाच-सात वेळा झालं की त्या मुठीचा अर्थ त्याला लागे. बोलणारा एक आणि समजणारा एक. समजणाऱ्याच्या वागण्यातूनच त्याला अर्थ कळत असे.

"मग आत्ताचं घ्या आणि त्यावर दोघींचं बोलणं नोंदवून तरी ठेवा," मॅडम म्हणाल्या.

"जुन्या कॅमेऱ्याचं नव्याला चालत नाही. फुकट जाईल सगळं."

मॅडमनी हात जोडून टेबलावर ठेवले. "अर्धं कळेल, उंबरजे. पण आजपासून कळेल."

घरी आल्यावर अंबिकाने तेच ताणलं. ती भाकरी थापत होती आणि शर्वाणी ओट्याला टेकून तिला शाळेतलं काहीतरी लांबलचक सांगत होती. अंबिका पिठाच्या हातानेच उत्तरं देत होती.

"काय म्हणते ती?" मल्लिनाथने विचारलं.

"किती दिवस मीच सांगायचं ओ? दिवसाला एक खूण शिकला असता, तरी आज अख्खी पोर तुम्हाला कळली असती."

"अगं, पाडव्यापर्यंतच तर थांबायचंय. मग ती आणि मी थेट बोलू. मधे कुणी नको."

"मधे कुणी नको," अंबिकाने भाकरी तव्यावर टाकली. "म्हणजे माझ्यापासून सुटका."

ती हसत म्हणाली, म्हणून त्यानेही हसून सोडून दिलं.

पाडवा गेला. चिपचं उत्पादन लांबलं, आता गणपतीत, असं कंपनीने जाहीर केलं. गणपतीत कळलं की दिवाळीनंतर. दर वेळी त्याने मनाशी हेच ठरवलं, की एवढं थांबलो, आता शेवटच्या क्षणी जुनं घेण्यात काय शहाणपण?

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंबिकाला ताप आला. तीन दिवस ती अंगावर काढत राहिली. चौथ्या दिवशी तिला श्वास पुरेना. दवाखान्यात नेलं तेव्हा दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया पसरला होता. संध्याकाळपर्यंत तिच्या घशात नळी घालून तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं आणि गुंगीचं औषध दिलं. अतिदक्षता विभागात एका वेळी एकच माणूस, चौदा वर्षांखालच्या मुलांना मनाई, मोबाईल बाहेर जमा. शर्वाणी तेरा वर्षांची होती. ती बाहेरच्या खुर्चीत बसून काचेच्या दारावर डोळे लावून होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी गुंगी थोडी कमी केली. मल्लिनाथ आत गेला तेव्हा अंबिकाचे डोळे उघडे होते. तिने त्याला ओळखलं. नळीमुळे आवाज फुटत नव्हता. नर्सने पेन दिलं, पण ते तिच्या बोटांतून गळून पडलं. मग तिने सलाईनच्या सुईचा हात सावकाश उचलला, मूठ केली, गळ्याच्या खाली छातीवर टेकवली आणि दोनदा फिरवली.

त्याला कळलं नाही.

तिने पुन्हा केलं. मूठ, छाती, दोनदा फिरवणं. तिचे डोळे त्याच्या तोंडावर खिळले होते. तो वाकला, म्हणाला, "काय पाहिजे? पाणी? पाय दुखतात?" तिने तिसऱ्यांदा मूठ उचलली. ती आता थरथरत होती.

"हो," मल्लिनाथ म्हणाला. मान हलवत राहिला. "हो हो. कळलं. कळलं मला."

अंबिकाने हात खाली ठेवला आणि डोळे मिटले.

बाहेर येताच शर्वाणीने फोन पुढे केला. अंबिका जवळ नसली की ते दोघं असंच, टाइप करून बोलत. लिहिलेली मराठी तिला परक्या भाषेसारखी होती, म्हणून मोजके शब्द. 'आई कशी. काय बोलली.'

ती खूण तिला तिथल्या तिथे करून दाखवली असती, तर तिने सांगितलं असतं. पण तसं केलं तर आपल्याला कळलं नाही, आणि तरी आपण हो म्हणालो, हेही सांगावं लागलं असतं. संध्याकाळच्या भेटीआधी विचारू, असं त्याला वाटलं. त्याने लिहिलं, 'झोपली आहे. बरी आहे.'

पाचच्या सुमारास अंबिकाचा ऑक्सिजन घसरला आणि गुंगी पुन्हा वाढवली. ती परत जागी झाली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गेली.

लॅपटॉप डिसेंबरात आला. नोंदणी आधीच केलेली असल्यामुळे तो आपोआप दारात येऊन पडला. पाच दिवस खोकं तसंच होतं. सहाव्या दिवशी मल्लिनाथने ते उघडलं, कारण घरात महिनाभर कुणी कुणाशी बोललं नव्हतं. स्वयंपाकाला आत्या येऊन जायची. शर्वाणी ताटावर बसायची, खाऊन उठायची.

झाकणाच्या पाठीवरही एक पातळ पडदा होता. समोरासमोर बसलं की एका बाजूला त्याला तिच्या खुणांचं मराठी दिसणार, दुसऱ्या बाजूला चित्रातले हात त्याचं बोलणं तिला खुणांत आणि खाली सोप्या शब्दांत दाखवणार. दोन्ही बाजूंना वाक्याखाली बारीक करड्या अक्षरांत बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा भाव यायचा: विचारते आहे, चिडून, थट्टेने. यंत्राने सुरुवातीलाच विचारलं, 'घरच्या खुणा शिकण्यासाठी त्या समजणारी दुसरी व्यक्ती कोण?' मल्लिनाथने ती जागा रिकामी सोडली. मग यंत्राने शर्वाणीला विचारलं, 'तुम्ही स्वतः अर्थ समजावून सांगाल?' तिने वाचलं आणि 'नको'वर बोट ठेवलं.

तरी शाळेच्या खुणा त्याला येत होत्याच. मल्लिनाथ घसा खाकरून म्हणाला, "शर्वाणी, बाळा, आता तू काहीही बोल. मला कळेल."

तिने खुर्ची यंत्राजवळ ओढली. मग तिचे हात उठले, आणि त्याच्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मुलीचं अख्खं वाक्य उमटलं.

'मला पुण्याच्या शाळेत जायचं आहे. तिथे वसतिगृहात सगळे हातांनी बोलतात. इथे घरात बोलायला कुणी नाही.'

खाली करड्या अक्षरांत: शांतपणे.

तो म्हणाला, "मी आहे की."

तिने मान तिरकी करून तिच्या बाजूचा पडदा वाचला आणि हात मांडीवर ठेवले.

जूनपासून पाठवायचं ठरलं. मधल्या महिन्यांत ते रोज संध्याकाळी यंत्रासमोर बसू लागले. ते खरंच उत्तम चालत होतं. तिला गणित आवडतं, तिला आत्याची भाजी गिळवत नाही, तिला लहानपणी वाटायचं की बाबांना हात हलवता येत नाहीत म्हणून ते कधी बोलत नाहीत, हे सगळं त्याला एकेक करून कळत गेलं. अधूनमधून सवयीने तिचा हात घरच्या खुणेकडे वळे आणि वाक्यात मोकळी चौकट येई. 'काल मला [ ] आठवलं.' 'आई असती तर [ ] केलं असतं.' यंत्र नम्रपणे विचारी, अर्थ? ती हात मागे घेई.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी त्याला ते पोटात ठेववेना. तो म्हणाला, "आई जागी झाली होती. दवाखान्यात. त्या दुपारी. तिने मला हाताने काहीतरी सांगितलं."

शर्वाणीने पडदा वाचला. मग पुन्हा वाचला.

'तू लिहिलंस झोपली आहे.'

"मला कळलं नव्हतं ती काय म्हणते. मी तिला कळलं म्हणून सांगितलं."

"सुईच्या हाताने, अशी," म्हणत त्याने मूठ करून छातीवर ठेवली, फिरवली. यंत्राला फक्त मोकळी चौकट दाखवता आली. पण शर्वाणी एकदम ताठ झाली. ती उठून टेबलाला वळसा घालून आली, त्याचा हात धरला, मूठ उलटी केली, सुलटी केली, भराभर प्रश्न केले. यंत्र मागे पडत होतं. तो पडद्यावर वाचत होता. 'बोटं आत होती की बाहेर? भुवया? वर की आवळलेल्या? हनुवटी पुढे होती का?'

"माहीत नाही," तो म्हणाला. "कुठे बघायचं, तेच मला माहीत नव्हतं."

शर्वाणी तिच्या जागेवर जाऊन बसली. मग तिने शाळेच्या खुणांत, सावकाश, ती खूण उलगडून सांगितली. ती लहान असताना लाईट गेली की ती किंचाळायची. अंधारात हात दिसत नाहीत, म्हणजे तिला कुणीच उरायचं नाही. तेव्हा आई तिची मूठ धरून स्वतःच्या छातीवर ठेवायची आणि हळूहळू फिरवायची. आतली धडधड तिला मुठीत लागायची. त्यातून ही खूण झाली. बोटं आत आणि भुवया आवळलेल्या, म्हणजे मला भीती वाटते. बोटं बाहेर आणि हनुवटी पुढे, म्हणजे घाबरू नको, मी आहे.

मल्लिनाथच्या डोळ्यांपुढे ती थरथरणारी मूठ होती. बोटं कुणीकडे होती, हे काही केल्या दिसेना. तिला भीती वाटत असेल, आणि आपण नुसते 'हो हो' म्हणून मोकळे झालो असू. तो तोंडावर हात घेऊन बसला.

शर्वाणीने टेबलावर दोनदा थाप मारली. हादरा लागल्यावर त्याने वर पाहिलं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग तिने हात उचलले.

'सुई असलेला हात बाहेरच वळतो. बोटं बाहेर असणार. आई म्हणाली, घाबरू नको, मी आहे.'

त्याच्या छातीतला दगड हलला. तेवढ्यात वाक्याखाली बारीक करडी अक्षरं उमटली: खात्री नाही.

हे यंत्र पापणीसुद्धा चुकवत नव्हतं. तिच्या ओठाची कड कणभर दाबली गेली असेल, ते त्याने टिपलं होतं. शर्वाणीला तिच्या बाजूने हे दिसत नव्हतं. आपण बापाला धीर दिला, एवढंच तिला माहीत होतं.

"हो," मल्लिनाथ म्हणाला. "आता आठवतं. बाहेरच होती बोटं."

तिच्या बाजूच्या पडद्यावर त्या वाक्याखाली काय उमटलं, हे त्याला दिसलं नाही. तिने वाचलं, क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि उठून त्याच्यासाठी पाणी आणलं.

त्या शनिवारी तो शाळेतल्या पालकांच्या वर्गात जाऊन बसला. भोवती सगळे त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, मांडीवर बाळं घेतलेले. बागवान मॅडमनी काही विचारलं नाही, फक्त त्याचा अंगठा धरून नीट जागी ठेवला. पन्नाशीला टेकलेली बोटं लवकर वळत नव्हती. जूनपर्यंत त्याच्या दीडशेक खुणा झाल्या. त्यातल्या निम्म्या शर्वाणीला ओळखू येत.

पुण्याला पोचवायला तो एकटाच गेला. लॅपटॉप त्याने तिच्या सामानात घालायला काढला होता, तिने तो परत टेबलावर ठेवला. तिथे तिला लागणार नव्हता. वसतिगृहाच्या फाटकाशी दहा-बारा मुली उभ्या होत्या. त्यांचे हात एकसारखे चालले होते आणि सगळं आवार निःशब्द गजबजलेलं होतं. पिशव्या ठेवून शर्वाणी बापाला निरोप द्यायला परत आली. पाया पडली. मग त्याच्याशी काहीतरी लांब बोलली.

'तू', 'शनिवार', 'जेव', एवढं त्याला लागलं. मधलं गेलं.

त्याने मान हलवली नाही. हात उचलून, जमेल तसं म्हणाला, नाही कळलं. पुन्हा.

तिने पुन्हा सांगितलं, हळू, लहान मुलाला सांगतात तसं. या वेळी आणखी एक शब्द लागला: 'आई'. त्याच्या पुढची खूण शाळेची नव्हती. ती घरची होती. तळहात, गाल, मग एक छोटं वळण. त्याने पुन्हा मान नकारार्थी हलवली. ती तिसऱ्यांदा सांगायला लागली, तोच आवारातला मोठा दिवा उघडझाप करू लागला. तीच तिथली घंटा. सगळ्या मुली वळल्या. एकीने शर्वाणीचा दंड ओढला, आणि ती हात हलवत आत पळाली.

परतीच्या एसटीत मल्लिनाथ खिडकीशी बसला आणि ती शेवटची खूण करत राहिला. तळहात, गाल, वळण. शनिवारी बागवान मॅडमना दाखवायची, त्या काहीतरी अंदाज करतील. नाहीतर पुढच्या भेटीत तिलाच विचारायचं. तोवर विसरता कामा नये.

"हात दुखतोय का ओ?" शेजारच्या माणसाने विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा केली.

टेंभुर्णी आली तेव्हा तळहात आत होता की बाहेर, हे त्याला खात्रीने सांगता आलं नसतं.